धूर कुणाच्या नाकाशी?

जानेवारीतली सकाळ होती. सव्वासात वाजले असतील. आमच्या पार्किंगमध्ये दोन लहान मुलं शाळेच्या रिक्षाची वाट बघत भिंतीला टेकून उभी होती. शेजारचे काका खाली आले, त्यांनी गाडी सुरू केली आणि ‘जरा गरम होऊ दे’ म्हणून ती तशीच चालू ठेवून दूध आणायला फाटकापर्यंत गेले. परत येऊन बघतात तो मागच्या नळीतून थेंब थेंब पाणी गळतंय. काका घाबरलेच. “अहो, सायलेन्सरमधून पाणी येतंय. गॅस्केट गेली की काय?”

“काका, गाडी ठणठणीत आहे,” मी म्हटलं. “पेट्रोल जळलं की पाणी तयार होतंच. एरवी ते वाफ होऊन निघून जातं. नळी थंड असली की थेंब दिसतात, एवढंच.”

त्यांना पटायला जरा वेळ लागला. लिटरभर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभरच पाणी बाहेर पडतं, हे ऐकून तर ते माझ्याकडे बघतच राहिले. पाण्याच्या या गप्पांत आमच्या दोघांच्याही एक गोष्ट उशिरा लक्षात आली. नळीचं तोंड त्या मुलांच्या बाजूला होतं. त्यातला धाकटा पहिलीत असेल. त्याचं नाक आणि ती नळी यांच्यात दोन-तीन हातांचं अंतर होतं, आणि गाडी चांगली सहा-सात मिनिटं चालू होती.

विजेच्या गाड्यांबद्दल एरवी जो वाद चालतो, तो चार्जिंग, किंमत आणि एका चार्जमध्ये गाडी किती पळते यांभोवती फिरतो. मला या प्रकरणात त्या मुलाच्या नाकापासून सुरुवात करायची आहे. कारण धुराचा हिशोब करताना धूर किती निघाला हे जितकं महत्त्वाचं, तितकंच तो कुठे निघाला आणि कोणी ओढला हेही महत्त्वाचं असतं.

आधी त्या नळीत काय असतं ते बघू. एक लिटर पेट्रोलचं वजन साधारण पाऊण किलो. ते नीट जळायला सुमारे अकरा किलो हवा लागते. पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग, हे प्रमाण इंजिनवाल्यांना तोंडपाठ असतं. पेट्रोल म्हणजे मुख्यतः कार्बन आणि हायड्रोजन. हायड्रोजनचं पाणी होतं आणि कार्बनचा कार्बन डायऑक्साइड. पाऊण किलो पेट्रोलमधून २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. पाऊण किलोचे सव्वादोन किलो कसे झाले, असा प्रश्न मुलं हमखास विचारतात. कार्बनच्या प्रत्येक अणूला हवेतल्या ऑक्सिजनचे दोन अणू चिकटतात, ते जास्तीचं वजन त्यांचं. हा वायू थांबवणारी कुठलीही जाळी गाडीत बसवलेली नसते. पेट्रोल जळलं की तो निघणारच.

सगळं इंधन पूर्ण जळलं असतं, तर पाणी आणि हा वायू एवढ्यावरच गोष्ट थांबली असती. पण मिनिटाला दोन-तीन हजार फेरे घेणाऱ्या इंजिनात प्रत्येक स्फोटाला काही हजारांश सेकंदच मिळतात. थोडं पेट्रोल अर्धवट जळतं आणि त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. काही इंधन न जळताच निसटतं. काहीची काजळी होते. शिवाय हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे. तो एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण सिलिंडरमधल्या दोन हजार अंशांच्या उष्णतेत तोही ऑक्सिजनशी जोडला जातो आणि नायट्रोजनची ऑक्साइडं तयार होतात. इथे मोठी अडचण आहे. इंधन पूर्ण जळावं म्हणून इंजिन जास्त तापवलं की ही ऑक्साइडं वाढतात, आणि ती कमी करावीत म्हणून तापमान उतरवलं की काजळी वाढते. डिझेल इंजिन घडवणाऱ्या इंजिनिअरांची कित्येक वर्षं या ओढाताणीत गेली आहेत.

हा धूर नुसता कोंदट वास नसून त्यातून दुसरंच विष शिजतं, हे कळायला अननस कामी आला. १९४३ च्या जुलैमध्ये लॉस एंजेलिसवर असा धुरका उतरला की डोळ्यांची आग व्हायला लागली. युद्ध चालू होतं. जपाननं विषारी वायू सोडला की काय, अशी शंका लोकांनी घेतली. मग एका रासायनिक कारखान्यावर संशय गेला. त्यावर कारवाई झाली, तरी धुरका जागचा हलला नाही. जवळच्याच पासाडेनामध्ये, कॅलटेक या संस्थेत, आरी हागेन-स्मिट नावाचे मूळचे डच रसायनशास्त्रज्ञ अननसाच्या स्वादातले सूक्ष्म घटक वेगळे करत होते. ज्या पद्धतीनं ते अननसाचा गंध गोळा करत, त्याच पद्धतीनं त्यांनी शहरातली हवा गोठवून गोळा केली आणि तपासली. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांचं उत्तर तयार झालं. न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं उन्हात एकत्र आली की ओझोन तयार होतो. वातावरणात उंचावर आपलं रक्षण करणारा हाच ओझोन जमिनीलगत फुप्फुसं जाळतो. हे न जळलेलं इंधन हवेत सोडणारे मुख्यतः तेल कारखाने आणि मोटारी. तेल उद्योगाच्या पैशावर चाललेल्या संशोधनानं हागेन-स्मिटना खोटं ठरवण्याचा प्रयत्न केला, तेव्हा या शांत माणसानं अननस बाजूला ठेवला आणि उरलेलं आयुष्य हवेला दिलं. १९६८ मध्ये ते कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाचे पहिले अध्यक्ष झाले. ऊन आणि मोटारी या दोन्ही गोष्टी भारतातल्या शहरांत भरपूर आहेत, म्हणून ही गोष्ट मला इथे सविस्तर सांगावीशी वाटली.

पुढची पायरी म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. अमेरिकेत १९७५ च्या गाड्यांपासून तो सर्रास बसायला लागला. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी चिनीमातीची बारीक जाळी, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा पातळ थर. धूर त्यातून जाताना कार्बन मोनॉक्साइडचा डायऑक्साइड होतो, न जळलेलं इंधन जळून जातं आणि नायट्रोजनची ऑक्साइडं फुटून पुन्हा साधा नायट्रोजन होतो. हे यंत्र मला फार आवडतं. त्यात फिरणारा एकही भाग नाही, आणि तरी ते तीन विषं एकाच वेळी निवारतं.

पण त्याच्या दोन अटी आहेत. पहिली म्हणजे पेट्रोलमध्ये शिसं नको. इंजिनात ठोके पडू नयेत म्हणून १९२० च्या दशकापासून पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग मिसळत असत. शिशाचा थर जाळीवर बसला की कन्व्हर्टर निकामी होतो. म्हणून शिसं काढावं लागलं. आपल्याकडे १९९५ मध्ये मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नईत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर आणि शिसेविरहित पेट्रोल एकदमच आलं, आणि २००० च्या फेब्रुवारीपासून देशभरातलं पेट्रोल शिसेमुक्त झालं. शिशानं लहान मुलांच्या मेंदूची वाढ खुंटते. एका जाळीची काळजी घेताना एका पिढीच्या मेंदूचीही काळजी घेतली गेली.

दुसरी अट तापमानाची. जाळी अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय कामाला लागत नाही. सुरुवातीच्या एक-दोन मिनिटांत तिच्यातून धूर जवळजवळ जसाच्या तसा बाहेर येतो, आणि गाडी जागेवर नुसती चालू ठेवली तर तापायला आणखी वेळ लागतो. काकांच्या गाडीनं त्या सकाळी त्या मुलाला दिलेला धूर दिवसभरातला सगळ्यात घाणेरडा होता. आजच्या गाड्यांना जागेवर गरम करायची काहीच गरज नसते. सुरू करावी आणि बेतानं चालवत निघावं. काका हल्ली तसंच करतात.

भारतानं धुराचे नियम २००० पासून पायरीपायरीनं कडक केले. सगळ्यात मोठी उडी १ एप्रिल २०२० ची. बीएस-४ (भारत स्टेज ४) वरून मधली पायरी गाळून देश थेट बीएस-६ वर गेला. इंधनातलं गंधक दहा लाख भागांत ५० भागांवरून १० वर आलं. डिझेल मोटारीला किलोमीटरमागे नायट्रोजन ऑक्साइडांची २५० मिलिग्रॅमची मुभा होती, ती ८० झाली. कणांची २५ मिलिग्रॅमची मर्यादा साडेचारवर आली. त्यासाठी डिझेल गाड्यांना काजळी धरणारा फिल्टर बसला. गॅरेजमध्ये त्याला डीपीएफ म्हणतात. गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच हिंडली तर तो तापत नाही, साचलेली काजळी जळत नाही आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. अशा वेळी तो फिल्टर काढून टाका, असा सल्ला देणारे भेटतात. तो सल्ला कधीही ऐकू नये. डिझेलच्या धुरानं कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१२ मध्येच निःसंदिग्धपणे सांगितलं आहे.

नियम कागदावर कडक असले तरी रस्त्यावर काय होतं हा प्रश्न उरतोच. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनचं प्रकरण उघडकीला आलं. गाडी प्रयोगशाळेतल्या रोलरवर चालते आहे हे तिचं सॉफ्टवेअर ओळखत असे आणि तेवढ्यापुरती धूर शुद्ध करणारी यंत्रणा पूर्ण चालवत असे. रस्त्यावर आली की नायट्रोजन ऑक्साइडं मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत जात. जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ही लबाडी होती. भारतातल्या गाड्यांची तपासणी पुण्याच्या एआरएआय या संस्थेनं केली, आणि कंपनीला सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या परत बोलवाव्या लागल्या. २०२३ च्या एप्रिलपासून आपल्याकडे नव्या मॉडेलांच्या गाड्यांवर मापन-यंत्र चढवून प्रत्यक्ष रस्त्यावर धूर मोजला जातो, त्यामागे हा धडा आहे.

मात्र गाडी एकदा विकली गेली की तिच्या वाट्याला पीयूसी ही धुराची चाचणी येते. ती कशी होते हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. पेट्रोल पंपाच्या कडेला उभी व्हॅन, सायलेन्सरमध्ये खुपसलेली नळी, नंबर प्लेटचा फोटो आणि दोन मिनिटांत कागद. पेट्रोल गाडीच्या या चाचणीत कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं इंधन मोजतात, डिझेलच्या चाचणीत धुराचा काळेपणा. नायट्रोजन ऑक्साइडं त्यात मोजलीच जात नाहीत, आणि सर्वांत घातक असलेले अतिसूक्ष्म कणही नाहीत. केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याएवढे हे कण फुप्फुसातून थेट रक्तात उतरू शकतात. म्हणजे ज्या दोन गोष्टींसाठी बीएस-६ ची एवढी यातायात केली, त्या रस्त्यावर दहा वर्षं धावलेल्या गाडीत तपासण्याची सोय आपण ठेवलेली नाही. मला ही या साखळीतली सर्वांत दुबळी कडी वाटते.

आता विजेची गाडी. तिला नळीच नाही. पार्किंगमधल्या त्या मुलापुरता हिशोब इथेच संपतो, आणि हा फायदा मी अजिबात लहान मानत नाही. पण त्याच्या पलीकडे एक गाव आहे, तिथपर्यंत आपल्याला जायला हवं.

एका लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट ऊर्जा असते. तेवढ्यात मध्यम मोटार शहरात १५ किलोमीटर जाते. त्यातली बहुतेक ऊर्जा रेडिएटर आणि सायलेन्सरमधून उष्णता होऊन निघून जाते. विजेची मोटार शंभर किलोमीटरला साधारण १५ युनिट घेते, म्हणजे ९ युनिटांत ६० किलोमीटर. ही चौपट कार्यक्षमता खरी आहे, पण ती प्लगपासून मोजलेली. प्लगच्या मागे तारा आहेत आणि तारांच्या दुसऱ्या टोकाला बॉयलर आहे. भारतातली जवळजवळ तीन चतुर्थांश वीज कोळशावर होते, आणि कोळशातल्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्साच विजेत उतरतो.

म्हणून हिशोब प्लगच्या मागे जाऊन मांडू. तारांमधली गळती धरली तर गाडीच्या १५ युनिटांसाठी वीज केंद्राला १८ युनिट सोडावी लागतात. देशातल्या विजेमागे युनिटला सरासरी ०.७ किलोच्या थोडा वर कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे शंभर किलोमीटरला तेरा किलो, किलोमीटरला १३० ग्रॅम. पेट्रोल गाडीचे नळीतून १५५ ग्रॅम. त्यात तेल काढणं, जहाजानं आणणं, शुद्ध करणं आणि टँकरनं पंपावर पोचवणं मिळवलं तर सुमारे १८५. विजेची गाडी पुढे आहे, पण जाहिरातीतल्या हिरव्या पानाएवढी पुढे नाही. सगळीच वीज कोळशाची असती तर दोघी जवळजवळ बरोबरीत आल्या असत्या.

आता कोळसा डोळ्यांपुढे आणा. शंभर किलोमीटरच्या त्या प्रवासासाठी वीज केंद्रात नऊ-दहा किलो कोळसा जळतो. आपल्या कोळशात तीस-चाळीस टक्के राख असते, म्हणजे तीन-साडेतीन किलो राख उरते. पुण्यातल्या कुणीतरी शंभर किलोमीटर गाडी चालवली आणि घमेलंभर राख चंद्रपुरात पडली, असं चित्र मनात धरलं तर ते अवास्तव होणार नाही. चंद्रपूरचं औष्णिक वीज केंद्र २९२० मेगावॉटचं, राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीचं सर्वांत मोठं. खाणी शेजारीच, पाणी इरई धरणाचं. चिमण्यांना धूळ धरणारी विद्युत यंत्रणा आहे आणि ती ९९ टक्क्यांहून जास्त राख पकडते, पण रोज हजारो टन कोळसा जाळणाऱ्या ठिकाणी उरलेला एक टक्का काही कमी नसतो. गंधकाचा प्रश्न वेगळा. धुरातून गंधक धुऊन काढणारी यंत्रणा बसवण्याचा नियम डिसेंबर २०१५ मध्ये झाला, मुदती पुढे पुढे ढकलल्या गेल्या आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुतेक प्रकल्पांना त्यातून सूट मिळाली. गंधकाचा वायू हवेत शेकडो किलोमीटर जाता जाता सूक्ष्म कणांत बदलतो.

तरीही मला चिमणी आणि नळी यांत मोठा फरक दिसतो. दोनशे मीटरच्या वर सोडलेला धूर विरळ होऊन खाली येतो. गल्लीतला धूर आहे तसा नाकात जातो. कोट्यवधी नळ्यांवर फिल्टर बसवून ते शाबूत आहेत का हे पाहत बसण्यापेक्षा एका चिमणीवर यंत्रणा बसवणं आणि तिच्यावर लक्ष ठेवणं शक्य कोटीतलं आहे. ते शक्य असूनही केलं नाही, तर पुण्या-मुंबईची स्वच्छ हवा चंद्रपूरच्या माणसाच्या फुप्फुसांवर उधार घेतलेली राहते. विजेच्या गाडीचं समर्थन करणाऱ्यानं चिमणीवरच्या यंत्रणेचाही तितकाच आग्रह धरला पाहिजे. मी दोन्ही धरतो.

गाडीच्या जन्माचाही धूर असतो. बॅटरी बनवताना तिच्या प्रत्येक युनिट क्षमतेमागे साधारण ६० ते १०० किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. ३० युनिटांची बॅटरी धरली तर दोन ते तीन टन. वरच्या हिशोबात किलोमीटरला ५५ ग्रॅम वाचत होते. अडीच टनांची परतफेड व्हायला ४५,००० किलोमीटर लागतील. वर्षाला दहा हजार किलोमीटर चालणाऱ्या घरगुती मोटारीला साडेचार वर्षं. रोज दीडशे किलोमीटर फिरणाऱ्या टॅक्सीला दहा महिने. आणि एरवी कोपऱ्यावर उभी राहून महिन्यातून चारदा लग्नाकार्याला निघणाऱ्या घरातल्या दुसऱ्या मोटारीला इतकी वर्षं, की तोवर बॅटरीचं वय होईल. म्हणून विजेवर आधी यायला हवीत ती दिवसभर फिरणारी वाहनं: बस, रिक्षा, टॅक्सी, सामान पोचवणाऱ्या दुचाक्या आणि छोटे टेम्पो. पुण्यात पीएमपीच्या विजेच्या बस २०१९ पासून धावताहेत. सिग्नलला दुचाकीवर बसून जुन्या डिझेल बसच्या मागे उभं राहिलेल्या माणसाला त्यांचं मोल वेगळं सांगावं लागत नाही.

टायर मात्र विजेच्या गाडीलाही आहेतच. रबर झिजतं, रस्त्यावरची धूळ उडते आणि बॅटरीमुळे गाडी जडही असते. अमेरिकेत सिॲटलच्या भागातले ओढे पाऊस पडला की सॅमन माशांच्या प्रेतांनी भरत. टायर टिकावा म्हणून रबरात मिसळलेल्या एका रसायनापासून बनणारं विष त्याचं कारण असल्याचं २०२० मध्ये सिद्ध झालं. तिथे गाडी पेट्रोलची की विजेची यानं काही बदलत नाही. ब्रेकचं तसं नाही. विजेच्या गाडीत ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की मोटार उलटी जनित्रासारखी चालते, वेगातली ऊर्जा परत बॅटरीत जाते आणि ब्रेक पॅड फारसा घासलाच जात नाही. युरोपच्या युरो-७ या नियमांनी ब्रेकच्या कणांवर पहिल्यांदाच मर्यादा घातली आहे. बहुतेक इंजिनवाल्या मोटारींना किलोमीटरमागे ७ मिलिग्रॅम, विजेच्या मोटारींना ३.

या सगळ्या हिशोबातला एक आकडा स्थिर नाही, आणि माझी आशा त्याच्यावर आहे. युनिटमागचे ते ०.७ किलो म्हणजे वर्षभराची, दिवसरात्रीची सरासरी. पेट्रोल गाडी शोरूममधून निघते तेव्हा तिच्या आयुष्यातली सर्वांत स्वच्छ असते आणि तिथून पुढे कन्व्हर्टर थकतो, इंजिन झिजतं, धूर वाढत जातो. विजेची गाडी जुनी होत असताना तिच्या तारेच्या दुसऱ्या टोकाला नवे सौर पॅनेल आणि पवनचक्क्या जोडल्या जात असतात. तीच गाडी, तेच किलोमीटर, पण दहाव्या वर्षी धूर पहिल्या वर्षापेक्षा कमी. आजच्या आजही हे थोडंफार साधता येतं. उन्हं वर आल्यावर सौर वीज भरपूर असते, रात्री नऊला सगळी घरं दिवे-पंखे लावून बसतात तेव्हा कोळशाच्या भट्ट्या पेटलेल्या असतात. केंद्र सरकारच्या २०२३ च्या नियमांनी दिवसाच्या सौर तासांतली वीज स्वस्त ठेवायला सांगितलं आहे, ते याच कारणानं.

आमच्या इमारतीत आता तीन विजेच्या गाड्या आहेत. तिघंही कामावरून आल्यावर, साडेआठच्या सुमाराला प्लग लावतात. मागच्या सभेत मी पार्किंगमधल्या चार्जरना टायमर बसवण्याचा विषय काढला. ज्यांची गाडी दिवसा घरीच असते त्यांनी सकाळी दहानंतर चार्ज करावी आणि बाकीच्यांनी निदान मध्यरात्रीनंतर, असा प्रस्ताव होता. काकांनी त्याला अनुमोदन दिलं.